नंदुरबारचे प्रवचन शिबिर : एका वचनसेवकाचे परीक्षण

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नंदुरबार शहराबाहेर एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) आवारात वचनसेवकांसाठी तीन दिवसांचे निवासी प्रवचन शिबिर झाले आणि त्यात मी शिकाऊ म्हणून बसलो होतो. पाळकाची दीक्षा न घेतलेले, आठवडाभर शेती, नोकरी किंवा दुकान सांभाळून रविवारी खेड्यापाड्यांतील लहान मंडळ्यांत संदेश देणारे आमच्यासारखे जे लोक खानदेशात आहेत, त्यांच्यासाठी हे शिबिर होते. पत्रकावर विषय एका ओळीत छापलेला होता : देव जे बोलला तेवढेच बोलणे. शुल्क ७०० रुपये होते व त्यात दोन रात्रींचा मुक्काम, जेवण आणि चाळीस पानांची एक पुस्तिका यांचा समावेश होता. आयोजकांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवा स्पष्टपणे लिहायच्या आहेत आणि त्यामुळे एखाद्या मंडळीविषयी गैरसमज पसरावा अशी माझी इच्छा नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी आपल्या पाळकांकडे चौकशी करावी, म्हणजे पत्रक मिळेल.

अमळनेरहून सुरतकडे जाणारी सकाळची गाडी धरली की नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा मागे टाकत जेवणाच्या आत नंदुरबारला पोहोचता येते. या दिवसांत शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या अंथरलेल्या असतात, आणि आयोजकांनी निवडलेले आवार नेमके त्यांच्या वाऱ्याखाली असल्यामुळे पहिल्या उपासनेत गीतापेक्षा ठसक्याचा आवाज मोठा होता. मुक्काम सतरंजीवर होता. जेवण मात्र चांगले होते. कळण्याची भाकरी, ठेचा, एका रात्री शेवभाजी आणि निघण्याच्या दिवशी भरीत. चौतीस शिकाऊंपैकी नऊ भगिनी होत्या आणि त्यांच्यासाठी एकच स्वच्छतागृह होते, ही गोष्ट पुढच्या वेळी सुधारलीच पाहिजे.

मी या शिबिराला का गेलो हे सांगितल्याशिवाय पुढचे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. दोन वर्षांपूर्वी पारोळा तालुक्यातील एका गावात आमच्या मंडळीतील एक भगिनी फार आजारी होती. मी तिच्या खाटेजवळ उभा राहून स्तोत्रसंहितेच्या ११८ व्या स्तोत्रातील सतरावे वचन वाचले, ज्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की मी मरणार नाही, तर जगेन. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर ते वाचन झाले असते. मी पुढे तिच्या पतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “दादा, परमेश्वर आज हे ताईसाठी बोलतो आहे, ताई उठणार.” नवव्या दिवशी ती गेली. मातीहून परतताना त्या गृहस्थाने मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारले, “भाऊ, देवाने शब्द फिरवला का?” त्या वेळी मी देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत असे काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर ऐकायला बरे होते, पण ज्या प्रश्नाला ते द्यायला हवे होते तो हा प्रश्न नव्हता.

शिबिराची मुख्य पद्धत एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द तीन दिवसांत आम्ही इतक्या वेळा ऐकला की शेवटी भाकरी वाढणारी मुलेही तो थट्टेने वापरू लागली. शिकाऊने सर्वांसमोर उभे राहून दहा मिनिटांचा संदेश द्यायचा, आणि बोलताना त्याच्या तोंडून “प्रभू म्हणतो”, “देवाची इच्छा आहे”, “वचन आपल्याला सांगते” असे काही निघाले की मागे बसलेल्या शिक्षकांनी म्हणायचे, “बोट ठेवा.” मग वक्त्याने बोलणे थांबवून उघड्या बायबलमध्ये नेमक्या त्या वचनावर बोट ठेवायचे, ते मोठ्याने वाचायचे आणि मगच पुढे जायचे. ज्याला बोट ठेवता येत नाही त्याने वाक्य मागे घ्यायचे किंवा “हे माझे मत आहे” असे म्हणायचे. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. प्रत्यक्षात वीस वर्षे संदेश देणारी माणसे चौथ्या मिनिटाला घामाघूम होत होती, आणि त्यांत मीही होतो.

शहाद्याकडील एक तरुण बंधू यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील अकरावे वचन घेऊन उभा राहिला. आपल्याकडे नव्या वर्षाच्या उपासनेत ज्या वचनचिठ्ठ्या काढतात, त्यांत हे वचन कोणाच्या ना कोणाच्या हाती येतेच : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. तो आवेशाने म्हणाला की परमेश्वर हे वर्ष संपायच्या आत प्रत्येकाची अडकलेली कामे मार्गी लावणार आहे. मागून आवाज आला, “बोट ठेवा.” त्याने अकराव्या वचनावर बोट ठेवले. शिक्षक म्हणाले, “आता एक वचन वर सरकवा.” दहाव्या वचनात बाबेलची सत्तर वर्षे आहेत. त्याने ते वाचले आणि गप्प झाला. मग शिक्षकांनी संपूर्ण पत्र वाचून घेतले. यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया लिहितो आहे की तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा आणि लवकर सुटका होईल असे सांगणाऱ्या संदेष्ट्यांच्या बोलण्याला भुलू नका. म्हणजे झटपट आशीर्वादाचे आश्वासन देणाऱ्यांविरुद्ध लिहिलेल्या पत्रातील एक ओळ कापून आपण झटपट आशीर्वादाच्या चिठ्ठीवर छापली आहे. ज्याला विसाव्या वर्षी धरून नेले तो नव्वदीला पोहोचला तरच परत जाणार होता, असा हिशेब एका निवृत्त गुरुजींनी मोठ्याने केला, तेव्हा सभागृहात कोणी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईयोबाचे पुस्तक उघडले आणि माझीच पाळी आली. आमच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर ईयोबाच्या आठव्या अध्यायातील सातवे वचन चौकटीत लावलेले आहे, ज्याचा आशय असा की तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार थोर होईल. मी वास्तूच्या, दुकानाच्या, लग्नाच्या प्रार्थनेत ते कितीतरी वेळा देवाचे अभिवचन म्हणून सांगितले आहे. शिक्षकांनी विचारले, “हे कोण म्हणाले?” मी म्हणालो, “परमेश्वर.” ते म्हणाले, “बोट ठेवा.” मी अध्यायाच्या आरंभी बोट नेले आणि तेथे बिल्ददाचे नाव होते. ईयोबाची मुले मेली ती त्यांच्याच पापामुळे, असे त्याच्या तोंडावर सुचवणारा हा मित्र, आणि ज्या तिघांविषयी शेवटच्या अध्यायात परमेश्वर स्वतः म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, त्यांपैकीच तो एक. देवाने ज्याच्या बोलण्यावर राग व्यक्त केला त्याचे वाक्य मी देवाच्या नावाने लोकांच्या उंबरठ्यावर बांधत आलो होतो.

याच ठिकाणी शिबिराचा एक गुण दिसला, तो नोंदवला पाहिजे. त्याच निवृत्त गुरुजींनी उठून शंका काढली की ईयोबाच्या मित्रांचे सगळेच टाकाऊ मानायचे असेल, तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्यांपैकीच एका अलीफजाचे वाक्य शास्त्र म्हणून का घेतले आहे? शिक्षकांनी पुस्तिका बाजूला ठेवली, दोन्ही ठिकाणे वाचली आणि मान्य केले की आपला नियम त्यांनी जरा जास्तच ताणला होता. बिल्ददाच्या तोंडीही खरे वाक्य असू शकते, पण ते ईयोबाला दिलेले देवाचे अभिवचन नव्हे आणि म्हणून आपल्या दुकानदारालाही नव्हे. चूक कबूल करणारा शिक्षक मला यापूर्वी फार भेटला नव्हता.

वचनाला जोडणे आणि वचनातून वजा करणे, या दोन्ही दोषांवर स्वतंत्र तास होते. जोडण्याचे उदाहरण उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातून घेतले : देवाने फळ खाऊ नका एवढेच सांगितले होते, आणि सर्पाला उत्तर देताना हव्वेने “स्पर्शही करू नका” हे त्यात घातले. हेतू वाईट असेलच असे नाही, कदाचित जास्त सावधगिरी असेल. पण पवित्र शास्त्रातील देवाच्या शब्दांचे पहिले उद्धरण शब्दशः नाही, हे मला चाळीस वर्षे बायबल वाचूनही कधी जाणवले नव्हते. वजा करण्यासाठी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २८ वा अध्याय घेतला. परमेश्वर तुला मस्तक करील, पुच्छ नव्हे, हे तेरावे वचन आपल्याकडे सर्वांना पाठ असते. त्या अध्यायात ६८ वचने आहेत, पहिल्या चौदांत आशीर्वाद आणि उरलेल्या चोपन्नांत शाप, आणि सगळ्यांच्या आधी पहिल्याच वचनात “जर” आहे. शिक्षकांनी तो “जर” फळ्यावर लिहिला आणि तास संपेपर्यंत पुसला नाही.

संदेष्ट्यांवरील तास मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात अहाब राजा रामोथ-गिलादावर स्वारी करण्याआधी चारशे संदेष्ट्यांना विचारतो आणि ते सगळे एका सुरात होकार देतात. मीखाया या आणखी एका संदेष्ट्याला बोलावायला गेलेला जासूद वाटेत त्याला समजावतो की बाकीचे सर्व अनुकूल बोलले आहेत, तूही तसेच बोल. येथे शिक्षक थांबले आणि म्हणाले की हा जासूद तुम्हाला दर रविवारी भेटतो. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या, कारण संदेशाच्या आधी चहा देताना “भाऊ, आज जरा आशीर्वादाचे बोला” असे कानात सांगणारा कोणीतरी प्रत्येक मंडळीत असतोच. मीखायाने उत्तर दिले की परमेश्वर सांगेल तेच मी बोलेन, आणि त्याबद्दल त्याला बंदिवासातील भाकर-पाणी मिळाले. बलाम या संदेष्ट्यानेही मवाबाचा राजा बालाक याला जवळजवळ हेच शब्द ऐकवले होते, सोन्यारुप्याने भरलेले घर दिले तरी आज्ञेबाहेर जाणार नाही असे म्हटले होते, आणि तो तसे बोललाही. पण पुढे इस्राएलांना मोहात पाडण्याची मसलत त्याचीच होती आणि तो मिद्यान्यांबरोबर तलवारीने मारला गेला. तोंडात वचन शुद्ध असून मन विकलेले असू शकते, हा मुद्दा शिक्षकांनी घाईत उरकला. त्याला आणखी अर्धा तास द्यायला हवा होता, कारण “बोट ठेवा” ही कसोटी बलाम सहज उत्तीर्ण झाला असता.

यिर्मयाचा ४२ वा अध्याय मात्र त्यांनी सावकाश घेतला. बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झाला आहे, उरलेले लोक खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, भीतीने मिसर देशात पळून जाण्याच्या तयारीत बेथलेहेमाजवळ येऊन थांबले आहेत, आणि ते यिर्मयाला म्हणतात की आम्ही काय करावे हे परमेश्वराला विचार. तो म्हणतो, विचारतो, आणि तो जे उत्तर देईल त्यातले काहीही तुमच्यापासून लपवणार नाही. मग सातव्या वचनात एवढेच आहे की दहा दिवसांनी परमेश्वराचे वचन यिर्मयाकडे आले. सामान बांधून बसलेले लोक, मागे शत्रूची भीती, आणि संदेष्टा दहा दिवस गप्प. त्याला परिस्थिती कळत नव्हती असे नाही. मिसरला जाऊ नये हे मत त्याचे स्वतःचे असू शकत होते, आणि पुढे आलेले उत्तरही तेच निघाले. तरीही आपले मत त्याने दहा दिवस देवाच्या नावाने सांगितले नाही. हनन्या या संदेष्ट्याने दोन वर्षांत सुटका होईल असे जाहीर केले, तेव्हाही यिर्मया आधी “आमेन, परमेश्वर तसे करो” म्हणाला आणि हनन्याने त्याच्या मानेवरील जू मोडल्यावर आपल्या वाटेने निघून गेला, हे २८ व्या अध्यायात आहे. उत्तर त्याला नंतर मिळाले. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी बशीतला चहा निवायच्या आत देवाचे उत्तर अपेक्षित असते, आणि खरे सांगायचे तर अपेक्षा घरच्यांपेक्षा आम्हालाच जास्त असते. पारोळ्याकडील त्या खाटेजवळ मला कोणीही काही विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील शेवटचे वचन घेतले, ज्यात पौल म्हणतो की आम्ही देवाच्या वचनात भेसळ करणाऱ्या पुष्कळांसारखे नाही. शिक्षकांनी सांगितले की मूळ ग्रीक शब्द किरकोळ विक्रेत्याच्या धंद्यावरून आलेला आहे आणि त्या काळी द्राक्षारसात पाणी मिसळणारा दुकानदार त्या शब्दामागे उभा आहे. द्राक्षारसाचे उदाहरण आमच्यापैकी बऱ्याच जणांना लांबचे वाटले असावे. मी सव्वीस वर्षे जिनिंगमध्ये काट्यावर काम केले आहे, त्यामुळे मला पाणी मारलेला कापूस आठवला. खेडा खरेदीचा माल गाडीतून उतरताना वरचा थर कोरडा असतो, पण ढिगात कोपरापर्यंत हात घातला की आतला गारवा लगेच कळतो. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांपुढे ओलावा गेला की माल परत जातो. मारलेले पाणी घाण नसते, विहिरीचे स्वच्छ पाणी असते आणि वेगळे दिले तर तहानलेला माणूस ते आनंदाने पिईल. गुन्हा एवढाच की पाणी कापसाच्या भावाने विकले जाते. माझा दिलासा, माझा अनुभव, माझे चार बरे विचार यांत वाईट काहीच नव्हते. मी ते “परमेश्वर म्हणतो” या भावाने मोजून दिले होते. शिबिरात मी हे बोललो नाही, कारण प्रश्नोत्तरांचा वेळ संपला होता.

याच तासाच्या उत्तरार्धात करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय घेतला आणि तो ऐकून अनेकांचे चेहरे मोकळे झाले. विवाहाविषयी लिहिताना पौल एका ठिकाणी स्पष्ट करतो की ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची आहे. दोनच वचने पुढे म्हणतो की आता प्रभू नव्हे, मी सांगतो. आणि कुमारिकांविषयी तर प्रभूची आज्ञा मला मिळालेली नाही, मी आपले मत देतो, असे लिहितो. प्रेषितालाही मत देता येते, फक्त ते वेगळे मोजून द्यायचे असते. माझी तक्रार अशी की हा तास पहिल्या दिवशी ठेवायला हवा होता. “बोट ठेवा” या कवायतीने दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अर्धा वर्ग इतका घाबरला होता की दोन भगिनींनी आपली साक्ष सांगायचेच नाकारले. माझ्या मुलाच्या आजारात प्रभूने मला धीर दिला, या वाक्यावर बोट कुठे ठेवू, असे त्यांतल्या एकीने विचारले. साक्ष ही साक्ष असते, तिच्यावर बोट ठेवायचे नसते, एवढे कोणी तिला त्याच वेळी सांगायला हवे होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. शिकाऊंपैकी निदान दहा जण अशा मंडळ्यांतून आले होते जेथे प्रार्थनेत भविष्यवाद सांगितला जातो, “प्रभूने मला रात्री दाखवले” असे म्हटले जाते. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता की देव आज बोलतो की नाही, आणि बोलत असेल तर त्यावर बोट कसे ठेवायचे. या प्रश्नाला दहा मिनिटे मिळाली आणि त्यांत “आपण वादात पडू नये” हे वाक्य तीनदा आले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात संदेष्टे बोलल्यावर इतरांनी पारख करावी असे सांगितले आहे, थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात संदेशांचा धिक्कार करू नका पण सर्व गोष्टींची पारख करा असे आहे. निदान ही दोन ठिकाणे उघडून पारख म्हणजे काय आणि ती कोणी करायची एवढे तरी शिकवता आले असते. आमच्या भागात जे नुकसान होते ते बहुतेक येथेच होते, चुकीच्या अध्यायामुळे नव्हे.

पुस्तिका स्वच्छ छापलेली आहे आणि तिच्यातील संदर्भ मी घरी येऊन तपासले असता बरोबर निघाले. परंतु तिच्यात सर्व वचने एकाच भाषांतरातील असून तसे कोठेही लिहिलेले नाही. वर्गात कोणाकडे बायबल सोसायटीची प्रत होती, कोणाकडे सोप्या मराठीतील, आणि एका वृद्ध भगिनीकडे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची सुटलेली प्रत होती. शब्द वेगळा आला की तरुण मंडळी आपसांत बघू लागत की चूक कोणाची. देवाचे शब्द जसेच्या तसे सांगा असे शिकवणाऱ्यांनी, ते आपल्यापर्यंत मराठीत कसे आले याविषयी पाव तास बोलायला हरकत नव्हती. मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मोडी लिपीत निघालेला मराठी नवा करार, नंतरच्या अनेक दुरुस्त्या, आणि मूळ इब्री-ग्रीक शिकून रमाबाईंनी १९२२ साली मृत्यूपूर्वी पूर्ण केलेले व १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर, यांतील प्रत्येक माणसाने “देव नेमके काय म्हणाला” हाच प्रश्न टेबलावर ठेवून रात्री जागवल्या आहेत.

भाषांतराचा मुद्दा नंदुरबारमध्ये आणखी एका कारणाने टाळता येत नाही. दुसऱ्या रात्री आसपासच्या पाड्यांतील लोकांसाठी सभा होती. वक्ते मराठीत बोलत होते आणि एक बंधू मावची या आदिवासी बोलीत दुभाष्याचे काम करत होता. मला मावची कळत नाही, पण शेजारी बसलेले नवापूरकडील बंधू मला हळूच अर्थ सांगत होते. वक्ते म्हणाले, “प्रभू तुमच्याबरोबर राहील.” दुभाष्याचे वाक्य मात्र चांगलेच लांबले. शेजारचे बंधू हसू दाबत म्हणाले, “भाऊ, त्याने सांगितले की प्रभू बरोबर राहील, आणि या वर्षी कोणाचा बैल मरणार नाही.” दिवसभर प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायला लावणारे तिन्ही शिक्षक पहिल्या रांगेत बसून समाधानाने मान डोलावत होते. खानदेशात मावची, पावरी, भिली आणि अहिराणी बोलणाऱ्यांपर्यंत संदेश पोहोचतो तो अनेकदा दुभाष्याच्या तोंडूनच, आणि त्यांना देव काय बोलला हे ठरवणारा शेवटचा माणूस तो असतो. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लेवी नियमशास्त्र वाचून त्याचा अर्थ लोकांना समजावून देत होते, हा आधार तयार असताना दुभाष्यांसाठी एकही तास नसावा, याचे मला नवल वाटते.

माझी आजी अक्षरशत्रू होती आणि तिला अहिराणीखेरीज दुसरी भाषा नीट येत नसे. मी नवा नवा संदेश देऊ लागलो तेव्हा संध्याकाळी अंगणात तिला दिवसाचा संदेश सांगत असे, आणि ती मधेच थांबवून विचारी, “हाई देव सांगस का तू सांगस?” मला त्या वेळी तिचा राग येई. सातशे रुपये भरून तीन दिवस जे शिकलो त्यातले बरेचसे त्या प्रश्नात होते, तरीही हे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण आजीला अध्याय आणि वचन माहीत नव्हते व मला ते माहीत असूनही मी तेथे बोट नेत नव्हतो.

ज्यांनी नुकतीच सेवा सुरू केली आहे त्यांनी हे शिबिर अवश्य करावे. ज्यांना वीस वर्षे झाली आहेत त्यांनी तर नक्कीच करावे, मात्र अपमान सोसण्याची तयारी ठेवून जावे. ज्या मंडळ्यांत भविष्यवादाची प्रथा आहे त्यांना येथे पुरेसे मिळणार नाही. जाताना खोकल्याची गोळी, पांघरूण आणि जुने-नवे अशी दोन तरी भाषांतरे सोबत न्यावीत.

परत आल्यानंतरच्या आठवड्यात मी पारोळ्याकडील त्या गृहस्थाच्या घरी गेलो. ओट्यावर बसून मी त्याला सांगितले की दादा, देवाने शब्द फिरवला नाही. ताई उठणार हा शब्द देवाचा नव्हता, माझा होता, आणि मी तो त्याच्या नावावर खपवला. ११८ वे स्तोत्र संकटातून सुटलेल्या माणसाची साक्ष आहे, ते ताईविषयीचे भाकीत नव्हते, हेही सांगितले. तो बराच वेळ जनावरांच्या गव्हाणीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “मग तिच्यासाठी देव काय बोलला होता?” माझ्याजवळ पिशवीत बायबल होते आणि तोंडात दोन-तीन वचनेही आली होती. मी त्याला म्हणालो की मी वाचून, प्रार्थना करून पुढच्या गुरुवारी येतो. त्याने मान हलवली आणि चहा ठेवायला सुनेला हाक मारली.

पुढचे शिबिर पेरण्यांच्या आधी नवापूरकडे होणार असल्याचे पत्रक आले आहे. आमच्या मंडळीतून दोघांची नावे दिली आहेत, आणि त्यांतला एक दुभाषी आहे. त्याचे सातशे रुपये मंडळी भरणार आहे. नाव देताना आयोजकांना मी दुभाष्यांच्या तासाविषयी लेखी कळवले आहे.